मूळ आणि प्रतिकृति
(जुबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या जुबिलीचें स्मारक म्हणून लूर्दच्या गुहेची प्रतिकृति आपल्या चर्चच्या आवारांत उभारावी, अशी इच्छा पुष्कळांनीं आम्हांजवळ व्यक्त केली आहे. कित्येकांनीं शंकाहि काढली कीं, मूळ तें मूळच. नक्कल करून काय साधणार? याचें उत्तर आम्ही कॅनडा देशांतील मोंट्रियल नगराच्या उदाहरणानें देऊं इच्छितों.

1852 सालीं त्या नगराचें कॅथीड्रल अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. तेव्हां तेथील बिशप इग्नास बूर्झे यांनीं संकल्प केला कीं, नवें मंदिर रोममधील संत पेत्राच्या महामंदिराची लहान प्रतिकृति असावी. आपला कळप रोमशीं जडलेला आहे, हें दगडांतूनहि दिसावें. त्यांनीं व्हिक्टर बूर्झो नांवाच्या शिल्पज्ञास रोमला धाडलें. तो परत येऊन म्हणाला कीं, तें मंदिर लहान करून बांधतां यावयाचें नाहीं. बिशपमहाराज डगमगले नाहींत. फादर जोसेफ मिशो यांस पाठवून त्यांनीं नमुना तयार करविला, आणि 1870 त पायाचा दगड बसविला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रोम नगर परमगुरूंच्या राज्यसत्तेंतून गेलें, हें ध्यानीं घेतां त्या दगडाचें मोल कळून येतें.

पुढें 1878 त पैसा संपला व काम थांबलें. अधिकारपद सोडून निवृत्त झालेले बूर्झे, वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर पुन्हां बाहेर पडले, आणि धर्मप्रांताचें कर्ज फेडण्यासाठीं पॅरिशोपॅरिशीं हिंडून वर्गणी गोळा करूं लागले. 1885 त काम पुन्हां सुरू झालें. त्याच वर्षीं ते प्रभूच्या घरीं गेले. 1894 त मंदिर भाविकांस खुलें झालें, तें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं.

शिल्पज्ञाचें म्हणणें खोटें नव्हतें. रोमचा घुमट सुमारें 136 मीटर उंच. मोंट्रियलचा सुमारें 77 मीटर. ती विशालता तेथें आली नाहीं. परंतु दुसरें कांहीं आलें. त्या देशीं हिवाळ्यांत बर्फ सांचतो, म्हणून छपरास उतार दिला. रोमच्या दर्शनी भागावर प्रभु ख्रिस्त, बाप्तिस्ता योहान व प्रेषित यांच्या तेरा मूर्ति आहेत. मोंट्रियलांतहि तेराच आहेत. पण त्या, ज्या पॅरिशांनीं त्या अर्पण केल्या, त्यांच्या आश्रयदात्या संतांच्या! नक्कल म्हणून आरंभिलेलें मंदिर असें त्या लोकांचें स्वतःचें झालें.

यावरून आम्ही दोन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली, गुहेसाठीं कर्ज काढावयाचें नाहीं. जमेल तितकेंच काम, मग वर्षें लागोत. आमच्यानंतर येणाऱ्या धर्मगुरूंनीं आमचें ऋण फेडीत फिरावें, हें आम्हांस मान्य नाहीं. दुसरी, प्रत्येक घरानें एक दगड आणावा. श्रीमंताचा मोठा व विधवेचा लहान, असा भेद गुहेंत दिसूं नये. आणि ज्याच्या घरीं यंदा अडचण आहे, त्याच्याकडे कोणींहि वर्गणी मागूं नये. तो दगड आणील, तेवढें पुरे.

लूर्दचा झरा आपणांस येथें आणतां येणार नाहीं. बर्नादेतनें 1858 त ज्या ठिकाणीं गुडघे टेकले, तशी जागा मात्र करतां येईल. तेथें गुडघे टेकणें हें आपलें काम. पवित्र मरिया आपणां सर्वांसाठीं विनंति करो.