कापलेली पट्टी
(दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये मंडळाच्या सभासदांसमोर झालेलं व्याख्यान. मधले प्रश्न जसे आले तसे ठेवले आहेत.)

निमंत्रणात विषय दिलाय, 'जुन्या दुखण्याची औषधं बदलताना'. स्लिप डिस्क म्हणजे काय, सायटिका कुठून कुठं जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. कोणी गोदामात दिवसभर उभं असतं, कोणी शेख झायेद रस्त्यावर गाडीत अडकलेलं असतं. म्हणून ते सोडून देतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमची गोळी बदलावी की नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. बदलताना जे घोळ होतात, ते मात्र काउंटरच्या आतल्या बाजूनं मी बरेच पाहिलेत.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती कात्रीची. आपल्याकडे मेडिकलमध्ये जाऊन सांगायचं, "दुखण्याच्या चार द्या." मेडिकलवाला पट्टी कापतो, पुडीत घालतो. घटकांची नावं आणि मुदत बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर राहतात. त्या चार गोळ्या आईच्या डब्यात, डबा बॅगेत आणि बॅग विमानात. मग इथले डॉक्टर विचारतात, "सध्या काय घेता?" आपण सांगतो, "पांढरी, लांबट, जेवणानंतरची." इथं फार्मसीत अख्खा खोका हातात पडतो. आत अरबी आणि इंग्रजीतलं माहितीपत्रक असतं. ते आपण उघडल्याबरोबर फेकून देतो, हा भाग वेगळा. पण खोक्यावर ब्रँडखाली औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात. "आमच्या गावच्या डॉक्टरांना न सांगता कळायचं," असं मला इथं ऐकवतात. कळणारच, गोळी त्यांनीच लिहून दिलेली असायची!

पट्टी वाचली नाही की काय होतं? नाव वेगळं, पण औषध तेच, हा एक प्रकार. तिकडची व्होव्हरान आणि इथली व्होल्टारेन, दोन्हींत डायक्लोफेनॅक. नव्या डॉक्टरांनी 'दुसरी' गोळी दिली म्हणून ती सुरू, आणि जुनी आहे म्हणून तीही सुरू. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब हीसुद्धा त्याच कुळातली. या कुळातली दोन औषधं एकत्र घेतली तर दुखणं निम्मं होत नाही; पोटात व्रण होण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो.

(इथं एका काकांनी विचारलं, "गिधाडं याच डायक्लोफेनॅकनं मेली ना? मग आम्ही कसं घ्यायचं?")

काका, हो, यानंच मेली. औषध दिलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2004 मध्ये हे कारण सिद्ध झालं आणि 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. माणसाला ते गिधाडाइतकं घातक नाही. पण पुढची गोष्ट माझ्या कामाची आहे. डायक्लोफेनॅक गेल्यावर गुरांना एसेक्लोफेनॅक मिळू लागलं, आणि गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं! शेवटी 2023 मध्ये जनावरांसाठी तेही बंद केलं. माणसाच्या शरीरात हे रूपांतर थोडंच होतं. तरी हृदयविकार असलेल्यांसाठी दोन्हींचे इशारे जवळपास सारखेच आहेत. "मी व्होव्हरान सोडली, आता झिरोडॉल घेतो" असं कोणी सांगितलं की मला ती गिधाडं आठवतात; झिरोडॉलमध्ये एसेक्लोफेनॅकच असतं.

याच्या उलट प्रकार जास्त महाग पडतो: नाव तेच, औषध वेगळं. पोटात कळ आली की घरात स्पास्मो प्रॉक्सीव्हॉन असायचीच. तिच्यातलं डेक्स्ट्रोप्रोपॉक्सीफेन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं म्हणून भारतात 2013 मध्ये ते बंद झालं. त्यानंतर स्पास्मो प्रॉक्सीव्हॉन प्लस आली, आणि तिच्यात ट्रॅमाडॉल. घरातले अजूनही तिला 'स्पास्मो'च म्हणतात. भारतातही 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. इथं तर ते नियंत्रित औषध आहेच. जुनी, ओळखीची, पोटदुखीची म्हणून बॅगेत टाकलेली ती गोळी विमानतळावर पोटदुखीची राहत नाही.

(एका ताईंचा प्रश्न: "सासूबाई येतायत. त्यांना पायाच्या आगीसाठी प्रेगाबालिन आहे. त्याला काय करायचं?")

ताई, प्रेगाबालिन आणि कोडीनसुद्धा इथं नियंत्रित औषधांत मोडतात. सासूबाई निघण्याआधी इथल्या सरकारकडून ऑनलाइन परवानगी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल आणि मूळ खोका जवळ असू द्या. तिकडं प्रेगाबालिन अनेकदा मिथाइलकोबालामिन या व्हिटॅमिनबरोबर एकाच गोळीत येतं, म्हणून घरचे त्याला व्हिटॅमिन समजतात. आणि परवानगीची कटकट नको म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गोळी बंद करायला सांगू नका. अचानक थांबवलं तर झोप उडते, घाम येतो, मळमळतं. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात.

औषध बदलल्यावर आणखी एक तक्रार ऐकू येते, आणि ती हळू आवाजात सांगितली जाते: "दुखते कंबर, आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली." ती असते ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन. डॉक्टरांनी तुमचं दुखणं खोटं ठरवलेलं नाही. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे जे संकेत वेदनेला आवर घालतात, त्यांना ही औषधं बळ देतात. अमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी बहुतेक 10 किंवा 25 मिलिग्रॅम, रात्री. गुण यायला काही आठवडे लागतात, पण गुंगी पहिल्याच रात्री येते. त्यामुळे चौथ्या दिवशी "लागू पडत नाही" म्हणून गोळी कचऱ्यात जाते. गुंगी येते म्हणून फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं काम आधीच सांगावं. आणि ड्युलॉक्सेटिनवर घरची ट्रॅमाडॉल परस्पर घेऊ नका. दोन्ही मिळून सेरोटोनिन वाढवतात. थरथर, ताप, क्वचित झटकाही येऊ शकतो.

(मागून: "उन्हाळ्यात साइटवर असतो. बीपीची गोळीही आहे. दुखण्याची चालेल का?")

बरं झालं विचारलंत, हे माझ्या टिपणातून सुटलं असतं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, पण घाम काय सकाळी दहालाही येतो. बीपीच्या पट्टीवर टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल आहे का, आणि सोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे का, ते वाचा. ही दोन्ही घेणाऱ्यानं, शरीरातलं पाणी आटलेलं असताना, डायक्लोफेनॅकच्या कुळातली गोळी घेतली तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा एकदम खाली येऊ शकतो. तेव्हा ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि रोज तर नकोच. तोवर साधं पॅरासिटामॉल, तेही सर्दीच्या गोळीत आणखी नाही ना, हे बघून. उन्हाळा लागायच्या आत क्रिएटिनिन तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र माझं भाषण ऐकून बंद करू नका.