पुढच्या फळीतले पाच जण

श्रोतेहो, फुटबॉल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत याच नावाने जो खेळ चालतो तो अगदी निराळा. तिथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, पाय त्याला क्वचितच लागतो. अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर पुढे सरकायचे. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. एवढे ध्यानात ठेवले तरी आजच्यापुरते पुरे.

मला बोलायचे आहे ते त्या अकरांतल्या पाच जणांविषयी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन अंगांना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. बहुतेकांचे वजन 300 पौंड, म्हणजे 136 किलोंच्या वर! सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, आणि मग हे पाच जण समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घेतात. मागच्या गड्याला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून देणे, हे त्यांचे एक मोठे काम. गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. प्रेक्षकांना त्यांची नावे कळतात ती बहुधा काही चुकल्यावर.

हा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, आणि त्याआधी उन्हाळाभर तिकडे वाद चालतात : यंदा आपली फळी टिकेल का? असा एक वाद कान्सास सिटी चीफ्स या संघाचा. (नावात कान्सास असले तरी संघाचे मैदान मिसुरी राज्यात आहे, बरं का.) 7 फेब्रुवारी 2021 रोजी हा संघ अंतिम सामन्यात टँपा बे संघाकडून 31–9 असा हरला. एरिक फिशर आणि मिचेल श्वार्त्झ हे नेहमीचे दोन्ही टॅकल जायबंदी होते. उजव्या गार्डच्या जागेवरचा डुव्हर्ने-टार्डिफ हा शिकलेला डॉक्टर. करोनाच्या साथीत तो हंगाम सोडून माँट्रियलच्या बाजूला वृद्धांची शुश्रूषा करायला गेला होता. राहिलेल्यांची जुळवाजुळव झाली. उजवीकडचा रेमर्स डावीकडे गेला, आणि अँड्र्यू वायली या गार्डला उजवा टॅकल करण्यात आले. त्या दिवशी पॅट्रिक माहोम्स या क्वार्टरबॅकवर 29 वेळा धाड आली. बिचारा चेंडू फेकण्यापेक्षा जीव घेऊन पळण्यातच दमला.

महिन्याभरात संघाने दोन्ही टॅकलना मोकळे केले आणि फळी नव्याने बांधली. डाव्या गार्डच्या जागी जो थुनी हा मुरलेला गडी मोठी रक्कम मोजून आणला. ऑर्लँडो ब्राऊन हा सहा फूट आठ इंचांचा धिप्पाड टॅकल दुसऱ्या संघाकडून अदलाबदलीत घेतला. महाविद्यालयांतून दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्यात 63व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि थेट 226व्या क्रमांकावर गार्ड ट्रे स्मिथ मिळाला. स्मिथच्या फुप्फुसांत पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून इतर संघ बिचकले होते. उजवा टॅकल लुकास नियांग. त्यानेही साथीमुळे आधीचा हंगाम सोडलेला. म्हणजे पाचांपैकी तिघे या पातळीवर एकही सामना न खेळलेले!

वाद माजणारच. एक पक्ष म्हणे, तीन नवखे एका रांगेत उभे करणे हा जुगार आहे. दुसरा म्हणे, ताजे रक्त आहे, एकत्र वाढू द्या. मला दुसरा पक्ष पटतो, आणि त्याचे कारण खेळाच्या रीतीतच आहे. समोरचे गडी सरळ येत नाहीत. टॅकलसमोरचा एकदम आत वळतो, गार्डसमोरचा त्याच्या मागून बाहेर सुटतो. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या माणसाच्या मागे धावायचे ठरवले तर दोघेही एकमेकांवर आदळतात आणि मध्ये दार उघडे पडते. आपला माणूस शेजाऱ्याच्या हवाली करून शेजाऱ्याचा आपण घ्यावा लागतो, तोही अर्ध्या सेकंदात, न बोलता. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांपैकी एकाने ओढ घेतली आणि दुसरा जागीच राहिला तर काय होते, ते तुम्ही गावच्या मैदानावर पाहिलेच आहे. आपला शेतकरीसुद्धा बाजारात बैल एकेकटा पाहत नाही; दावणीच्या बैलाशी तो जुळेल का, हे आधी पाहतो.

पहिल्या सामन्यात, 12 सप्टेंबर 2021 रोजी, या नव्या पाचांनी क्लीव्हलँडविरुद्ध 33–29 असा विजय पाहिला. पण खरा पुरावा दीड वर्षाने मिळाला. 12 फेब्रुवारी 2023 च्या अंतिम सामन्यात समोर फिलाडेल्फियाचा संघ होता. त्या संघाने साखळी सामन्यांत प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना चेंडूसकट 70 वेळा लोळवले होते. या सामन्यात माहोम्सला ते एकदाही लोळवू शकले नाहीत, आणि कान्सास सिटी 38–35 ने जिंकली. उजवा टॅकल कोण होता म्हणता? तोच वायली! दोन वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने बोटे मोडली गेली तोच.

आता उलट बाजू पाहा. 9 फेब्रुवारी 2025, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा फिलाडेल्फिया. थुनी, हम्फ्री, स्मिथ हे तिघे कसलेले गडी फळीत होतेच. पण हंगामभर डावा टॅकल कुणी टिकेना, म्हणून थुनीला गार्डच्या जागेवरून उचलून टोकाला उभे केले होते आणि त्याची जागा राखीव गड्याला दिली होती. एक भगदाड बुजवायला शेजारची भिंत काढली, असे मी म्हणेन. फिलाडेल्फियाने जादा माणसे धाडलीसुद्धा नाहीत. नेहमीच्या चौघांनीच भागवले. माहोम्स सहा वेळा लोळला आणि सामना 40–22 ने गेला.

त्या उन्हाळ्यात वाद पुन्हा पेटला. मार्चमध्ये थुनीला शिकागोच्या संघाकडे दिले. एप्रिलमध्ये 32व्या क्रमांकावर जॉश सिमन्स हा डावा टॅकल निवडला; त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध आदल्या ऑक्टोबरात तुटला होता. मग जो तो त्याच्या गुडघ्याविषयीच बोलू लागला. गुडघा महत्त्वाचा, मी नाही म्हणत नाही. पण माझी नजर त्याच्या शेजारच्या जागेवर होती. तिथे किंग्जली सुआमाटायाला आणले होते, जो 2024 मध्ये डावा टॅकल म्हणून टिकला नव्हता. थुनी असता तर नवख्या टॅकलला शेजारी जाणता गडी मिळाला असता. 5 सप्टेंबर 2025 रोजी ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात हंगामाचा पहिला सामना झाला, तेव्हा डाव्या अंगाला ही विशीतली दोन पोरे प्रथमच खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सामना 27–21 असा हातचा गेला. त्या सामन्याचे चित्रण कुठे पाहायला मिळाले, तर चेंडू हवेत गेल्यावर नजर त्याच्या मागे नेऊ नका. डावीकडच्या त्या दोघांकडे पाहा, आणि समोरचे गडी वाटा बदलतात तेव्हा कोण कुणाला कुणाच्या हवाली करतो ते मोजा.