'दंगल'मधला प्रशिक्षक

2016 साली 'दंगल' हा कुस्तीवरचा चित्रपट पाहताना सर्वाधिक राग आला तो प्रशिक्षक प्रमोद कदमचा. गिरीश कुलकर्णींनी तो रंगवलाच तसा! चित्रपटात ऐन अंतिम कुस्तीच्या वेळी कुस्तीपटू गीता फोगटच्या वडिलांना खोलीत कोंडतात. प्रत्यक्षात दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेत असं काहीच घडलं नव्हतं. गीतानं सुवर्णपदक जिंकलं ते एकतर्फी. त्या वेळचे प्रशिक्षक प्यारा राम सोंधी या चित्रणानं दुखावले आणि त्यांनी तसं जाहीरपणे सांगितलं. नाव बदललं, तरी रोख कळायचा तो कळलाच.

चित्रपटाला खलनायक हवा होता; पण शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहणाऱ्या कोल्हापूरकरांना रंगत चढायला खलनायक लागत नाही. ढाक किंवा धोबीपछाड हा डाव चपखल बसला, की प्रतिस्पर्धी मल्लालाही दाद मिळते. सोंधींवर मात्र अन्याय झाला, असं मला ठामपणे वाटतं.