कावीळ डागाने जात नाही
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



पावसाळा लागला की आपल्या पाड्यांवर कावीळ येते. आपण भगताकडे जातो, पोटावर डाग देतो. पण ती होते कशी?

उजव्या बरगडीखाली यकृत असतं. बकऱ्याची कलेजी म्हणतो, तेच. रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यांतून पिवळा रंग निघतो. यकृत तो पित्तातून आतड्यात सोडतं. यकृत सुजलं की रंग रक्तातच राहतो. म्हणून डोळे पिवळे, लघवी गडद.

पावसात परसाकडची घाण वाहून झिऱ्यात उतरते. तिच्यातले विषाणू पाण्यातून पोटात जातात, यकृत सुजतं. दारूनेही ते खराब होतं.

पुष्कळ जण विश्रांतीने आपोआप बरे होतात, नाव मात्र डागाचं होतं. डागाने नुसती जखम होते. गरोदर बाईला कावीळ झाली किंवा कोणी बरळू लागलं, तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

पाणी खळखळ उकळून प्या. आणि बांधीव विहीर मागू. “जंगलजमिनीवर तुमचं अतिक्रमण, विहीर कसली?” असं आपल्याला ऐकवतात. जमीन आपण कसतो. तिच्यावर राहायचं तर चांगलं पाणीही आपल्या हक्काचंच आहे.