लाँचची वेळ आणि शाळेची घंटा

(कर्नाळा येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी वर चढताना एका मुलाने विचारले, ‘सर, इथे आडरानात किल्ला कशाला बांधला?’ बोर घाटातून उतरणारा माल पनवेलच्या आणि पाताळगंगेच्या खाडीकडे जात असे आणि कर्नाळ्याची नजर त्या वाटेवर असे. आता त्याच पायथ्यावरून महामार्ग धावतो आणि पनवेल हे एके काळी बंदर होते, हे आपल्याच मुलांना सांगावे लागते. पण जिथे रस्ता जाऊच शकत नाही, त्या माणसांचे काय?

फार लांबचे उदाहरण नको. आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात घारापुरी बेट आहे. तिथली लेणी १९८७ साली जागतिक वारसा ठरली. मात्र शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिथल्या तीन वस्त्यांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. वीज तारेतून आली, माणसाला मात्र अजून लाँचच हवी. कॉलेज, कचेरी, मोठा दवाखाना, सारे पाण्यापलीकडे.

तुम्ही म्हणाल, गेटवेहून तर लाँचची रांग लागलेली असते. असते, पण ती पर्यटकांसाठी. लेणी सोमवारी बंद, म्हणून ती वर्दळही सोमवारी थांबते. शाळा, बाजार आणि आजारपण यांना सोमवारची सुट्टी नसते! बेटावरच्या माणसाला रोजचे जाणे-येणे उरण-न्हावा बाजूला करावे लागते, आणि ते पर्यटकांच्या गर्दीवर सोपवून चालणार नाही.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. आपल्या किनाऱ्यावर पाणी उधाणात चार मीटरहून अधिक चढते-उतरते आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. धक्का उथळ असेल तर ओहोटीला लाँच लागत नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर गाळ साचल्याने ओहोटीच्या वेळी भाऊच्या धक्क्याची सेवा थांबते, हा उरणकरांचा नेहमीचा अनुभव. शाळेची घंटा ठरल्या वेळी होते, समुद्राची रोज सरकते. मुलगी दोनदा उशिरा पोचली की तिसऱ्यांदा घरचेच म्हणतात, राहू दे. नुकसान होते ते इथे, आणि ते कोणत्याच दप्तरात नोंदले जात नाही.

यावर उपाय नाही असे नाही. गेटवे-मांडवा लाकडी लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात. पण मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जहाज जाते, ते पावसाळ्यातही चालते. मोठे जहाज, पाण्याबरोबर वरखाली होणारा तरता धक्का आणि लाटा अडवणारा बांध, एवढ्याने फरक पडला. मग बेटाला निदान लहान तरता धक्का, गाळ काढण्याचे बांधलेले वेळापत्रक, पहाटेची एक आणि रात्रीची एक हमखास फेरी का मिळू नये? उतारू चार असले तरी ती सुटली पाहिजे. एस.टी. रिकामी असली म्हणून वस्तीची गाडी रद्द करावी, असे आपण कधी म्हणत नाही. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. तोच न्याय लाँचच्या तिकिटाला लावावा.

सुरक्षिततेचेही सांगतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे गेली. जॅकेट अंगावर घाला. उकडते म्हणून बाकाखाली सारू नका.

वडीलधाऱ्यांना ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आठवत असतील. हाजींची जहाजे चालवणाऱ्या मोगल लाइनचीच ती मुंबई-गोवा सेवा. आपल्या कोकणी घराघरांत खलाशी होते. आज सारंग आणि इंजिन ड्रायव्हरची परवानापत्रे मिळवणारी मुले आपल्यात किती? दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्या पालकांनी हाही मार्ग पाहावा.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात बेटावरच्या मंडळींना हव्या असलेल्या वेळांची जागा कोरी आहे. ती आपण भरायची नाही. पुढच्या आठवड्यात आमच्यापैकी चौघे घारापुरीला जाऊन त्यांनाच विचारणार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव द्यावे. सोमवार धरला आहे.