पत्र : समाजाने विश्वासाने सोपविलेली ठेव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजच्या सत्रासाठी मला जो विषय दिला आहे तो आहे ‘सामान्य नागरिकाचे पत्र आणि राष्ट्रनेता’. अभ्यासवर्गात आपण राष्ट्र, संस्कृती, समाजरचना अशा भारदस्त विषयांवर बोलतो. त्या मानाने एखाद्या गृहिणीने वा शेतकऱ्याने देशाच्या नेत्याला लिहिलेले चार ओळींचे पत्र ही किरकोळ बाब वाटण्याचा संभव आहे. परंतु नेता आणि समाज यांचे नाते कोणत्या धाग्याने बांधलेले असते, याचा शोध घेऊ लागलो की या चार ओळींपाशी थांबावेच लागते.

पत्र लिहिणारा सामान्य माणूस काय करतो, ते पाहा. त्याची नेत्याशी ओळख नसते. आपले पत्र त्यांच्या हाती पडेल की नाही, याची खात्री नसते. तरीही तो घरातले दुःख, गावातला अन्याय, मनातली शंका कागदावर उतरवतो. जे शेजाऱ्याला सांगितले नाही ते तो शेकडो कोसांवरच्या माणसाला सांगतो. ‘हा माणूस माझा आहे’ ही भावना असल्यावाचून असे घडत नाही. सभेतील जयघोषात हजारो कंठ मिसळलेले असतात. पत्रात एकच माणूस एकाच माणसाशी बोलत असतो. म्हणूनच त्या शब्दांना विलक्षण भार येतो. नेत्याच्या अंतःकरणाला जयघोषापेक्षा पत्र अधिक खोलवर भिडते ते याच कारणाने.

पत्रांनी बदललेले गावाचे नाव

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. गाव लहान, रस्ता धड नाही. पण गांधीजी तेथे आले आणि त्यांच्यामागोमाग देशभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला. विदर्भातच श्रीगजानन महाराजांचे शेगावही आहे. नावांच्या साधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला. सेगावची पत्रे शेगावी जाऊ लागली. अखेर १९४० साली सेगावचे नाव ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले. आज ज्या नावाला इतिहासात स्थान आहे, ते नाव रूढ होण्यामागे सामान्य माणसांनी पाठविलेल्या पत्रांचा असा हात आहे.

गांधीजींच्या अनेक मतांशी आपले मतभेद राहिले आहेत आणि ते आपण कधी लपविलेले नाहीत. पण एकात्मता स्तोत्रात आपण त्यांचे स्मरण करतो, तेव्हा त्यांच्यापासून काय घ्यावे याचाही विचार केला पाहिजे. ‘महात्मा गांधी, जेथे असतील तेथे’ एवढ्याच पत्त्यावर लिहिलेली पत्रेही त्यांना पोहोचत. लिहून लिहून उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूही ते लिहिण्यासाठी वापरत. कोणाच्या पोटाचा विकार, कोणाच्या घरातला कलह, कोणाचा धर्मविषयक प्रश्न, असे सारे त्या पत्रांत असे. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे शंभर खंड झाले. त्यांतील फार मोठा भाग अशा पत्रोत्तरांनी व्यापलेला आहे. देशाचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता तो पदयात्रांमुळे, तसाच या पत्रांमुळेही.

श्रीगुरुजींचा पत्रसंवाद

आपल्या कार्यात या संवादाचा आदर्श म्हणजे पूजनीय श्रीगुरुजी. १९४० ते १९७३ अशी तेहतीस वर्षे ते सरसंघचालक होते. या काळात संपूर्ण देशात त्यांचा अखंड प्रवास चालू असे. आज नागपूर, उद्या आसाम, परवा केरळ. पत्रेही त्यांच्या मागोमाग फिरत. बैठका, बौद्धिके, भेटीगाठी यांतून उरलेला वेळ ते पत्रोत्तरांना देत. श्रीगुरुजींची पत्रे आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. ती वाचताना जाणवते की संत-महंतांना लिहिताना जी आस्था आहे, तीच एखाद्या दूरच्या गावातील तरुण स्वयंसेवकाला लिहितानाही आहे. आईच्या प्रकृतीची चौकशी आहे, परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन आहे, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला असेल तर धीराचे चार शब्द आहेत. आणि चुकत असेल तेथे स्पष्ट कानउघाडणीही आहे.

या पत्रसंवादाचा शेवटही तितकाच हृद्य आहे. असाध्य रोगाने शरीर जर्जर झालेले असताना, २ एप्रिल १९७३ रोजी त्यांनी तीन पत्रे लिहून बंद करून ठेवली. ५ जूनला त्यांचे निर्वाण झाल्यावर ती उघडण्यात आली. एका पत्रात बाळासाहेब देवरसांवर पुढील दायित्व सोपविले होते. दुसऱ्यात आपले स्मारक उभारू नये, अशी इच्छा होती. तिसऱ्यात त्यांनी कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास हात जोडून क्षमा मागितली होती आणि तुकाराम महाराजांच्या अभंगाने निरोप घेतला होता. जन्मभर ज्यांच्या पत्रांना उत्तरे दिली, त्या सर्वांना लिहिलेले ते अखेरचे पत्रोत्तरच होते. नेता आणि समाज यांच्यात हिशेब कसा चुकता करावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

पत्र थांबते तेव्हा

आता या विषयाची दुसरी बाजू पाहू. माणसे लिहिण्यास भिऊ लागली तर काय होते? २५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला. ‘मिसा’खाली येरवडा, नाशिक, ठाणे येथील कारागृहांत आपले सहस्रावधी बंधू होते. त्यांनी घरी लिहिलेली आणि घरून आलेली पत्रे परक्या नजरांखालून जात. पत्नी पतीला मुलाच्या आजाराबद्दल लिहितानाही शब्द तोलून लिही. बाहेरचा नागरिकही मनातले कागदावर आणण्यास कचरू लागला. सत्तेपर्यंत पोहोचत होते ते केवळ स्तुतीचे शब्द. त्यामुळे जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका घोषित करणाऱ्यांना समाजाच्या अंतरंगात काय खदखदते आहे, याची कल्पनाच उरली नव्हती. मार्चमध्ये मतपेटीने जे उत्तर दिले ते आपण सर्व जाणतो. ज्याला समाजाची पत्रे येत नाहीत, तो राज्यकर्ता अंधारात चालत असतो.

ठेव सांभाळता आली नाही तर

मात्र इतरांकडे बोट दाखवून आपल्याला थांबता येणार नाही. आपल्याला ज्या शासनाबद्दल आत्मीयता होती, त्याच्या काळातील एक घटनाही आपण डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. अटलजींच्या कारकिर्दीत सुवर्ण चतुष्कोन महामार्गाचे भव्य स्वप्न साकार होत होते. त्या प्रकल्पावर काम करणारे सत्येंद्र दुबे हे बिहारचे सुपुत्र, कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले तरुण अभियंता. कामातील भ्रष्टाचार पाहून ते अस्वस्थ झाले आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. आपले नाव गुप्त राखावे, अशी विनंती त्यांनी केली होती. ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली.

पुढे तपास झाला. ही हत्या लुटीच्या प्रयत्नात झाली, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. २०१० साली न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. परंतु हत्येमागचे कारण काहीही असो, एका नागरिकाने विश्वासाने ठेवलेली ठेव यंत्रणेला सांभाळता आली नाही, हे सत्य उरतेच. या घटनेने देश हळहळला. २००४ साली अशा तक्रारदारांच्या संरक्षणासाठी केंद्रीय दक्षता आयोगाकडे जबाबदारी सोपविण्यात आली, २०१४ साली संसदेने कायदाही संमत केला. एका तरुणाच्या पत्राने देशाला हे करावयास लावले. पण त्याची किंमत त्याच्या माता-पित्यांनी मोजली, हे विसरता येत नाही.

याउलट, पत्राची बूज राखली गेली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१६ साली पुण्यातील एका गरीब घरातील शाळकरी मुलीने आपल्या हृदयाच्या आजाराबद्दल पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना पत्र लिहिले. पंतप्रधान कार्यालयाने जिल्हा प्रशासनाला कळविले, सूत्रे हलली आणि तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, विजयादशमीला सुरू झालेल्या ‘मन की बात’ या कार्यक्रमातही नागरिकांच्या पत्रांचा उल्लेख वारंवार येतो. दूरच्या खेड्यातील माणसाने आपले लिहिणे आकाशवाणीवर ऐकले की त्या गावाचा ऊर भरून येतो.

आपले कर्तव्य

पण एकशे चाळीस कोटींच्या देशात एकटा नेता किती पत्रे वाचणार? येथे आपला, म्हणजे कार्यकर्त्याचा, संबंध येतो. जी माणसे दिल्लीला वा मुंबईला पत्र लिहितात, त्यांतील कितीतरी जणांनी आधी गल्लीत, गावात, नगरात कोणाला तरी सांगून पाहिलेले असते. तेथे कोणी ऐकले नाही, म्हणून ते दूरवर लिहितात. दूर गेलेले प्रत्येक पत्र जवळच्या माणसांविषयी एक मूक तक्रारही असते. ती आपल्याविषयी तर नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

यासाठी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आपण लिहावे. शब्द त्याचे, लेखणी आपली. दुसरी, कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट चव्हाट्यावर येऊ देऊ नये, मग ती आपल्या माणसाविरुद्ध असली तरीही. तिसरी, उत्तर अवश्य द्यावे. काम होणार नसेल तर तसे सांगावे. नकार माणूस पचवितो. अनुत्तरित मौन त्याच्या मनात घर करून राहते.

आज पन्नास पैशांचे पोस्टकार्ड कमी दिसते. संदेश क्षणार्धात जातात आणि क्षणार्धात विसरलेही जातात. साधन बदलले तरी लिहिणाऱ्याची आशा तीच आहे : आपले कोणीतरी ऐकावे. समाज ज्याला मनातले सांगतो, त्यालाच तो आपला मानतो. ते सांगणे ऐकण्याची पात्रता आपल्या अंगी यावी, एवढीच प्रार्थना करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

भारतमाता की जय!