पिकाला अर्धा पैसा

(लघुउद्योजक परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, इचलकरंजी)



स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपायचे असते, असे संयोजकांनी मला परोपरीने सांगितले आहे. वेळेची चिठ्ठी आली की ती वाचून खिशात ठेवीन, एवढे आश्वासन देतो. बाहेरगावची माणसे इचलकरंजीत यावीत आणि गावाबद्दल चार शब्द न ऐकता जेवणाकडे वळावीत, हे मी या पदावर असेपर्यंत होणे नाही.

आधी माफीचे काम उरकतो. आमच्या शहराला रेल्वे स्टेशन नाही. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाला तो आम्हाला बगल देऊन हातकणंगल्यावरून गेला. त्यामुळे आज पहाटे आपल्यापैकी बऱ्याच जणांना तिथल्या फलाटावर आमच्या गाड्यांची वाट पाहत थंडीत उभे राहावे लागले. एक गाडी वेळेवर होती. दुसरीचा ड्रायव्हर हुशारी करून रुकडी स्टेशनवर जाऊन थांबला होता. दुसरी माफी पाण्याची. पंचगंगा उशाशी आहे, तरी नळाला रोज पाणी येत नाही, हे आपल्याला उतरण्याच्या ठिकाणी कळलेच असेल. टँकर सांगून ठेवले आहेत. पाण्याची बादली जपून वापरा असे पाहुण्याला सांगणे जिवावर येते, पण सांगतो. राहिलेल्या उणिवांची माफी भाषणाच्या शेवटी मागेन, तोवर आणखी काही निघतीलच.

इचलकरंजी म्हटले की लोकांना मागांची खडखड आठवते. पण माग यायच्या आधीही हे गाव होते आणि चांगले नांदते होते. कोकणातून आलेले नारो महादेव जोशी सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला राहिले आणि धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्यांनी घोरपडे हेच आडनाव लावले. त्यांची सून अनुबाई ही पेशवे बाळाजी विश्वनाथांची मुलगी, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण. पतीच्या मागे या बाईंनी इचलकरंजी जहागिरीचा कारभार हिमतीने सांभाळला. आज इथे महिला उद्योजक मोठ्या संख्येने बसल्या आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो.

पुढे याच संस्थानच्या आश्रयाला ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा राहिले. विष्णु दिगंबर पलुस्करांचे ते गुरू. बुवांच्या नावापुढे इचलकरंजीकर लागले आणि आमच्या गावाचे नाव देशभरच्या गवयांच्या तोंडी गेले. वाचनाचे म्हणाल तर आमचे आपटे वाचन मंदिर आहे. १९७४ साली पन्नासावे मराठी साहित्य संमेलन इथे भरले, अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. तेव्हापासून या गावात कुठलीही स्वागत समिती नेमली की जुनी माणसे तिला त्या संमेलनाच्या मापाने मोजतात. आमचे काय होणार ते संध्याकाळी गावातल्या कट्ट्यांवर ठरेल.

पण मला ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे ते गृहस्थ गवई नव्हते, साहित्यिक नव्हते आणि जहागीरदारही नव्हते. त्यांचे नाव विठ्ठलराव दातार. १९०४ साली या माणसाने इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला.

ते साल नीट ध्यानात घ्या. बंगालची फाळणी झालेली नव्हती, त्यामुळे त्यानंतरची स्वदेशीची मोठी लाट उसळायची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी वसायला अजून सहा वर्षे अवकाश होता. या गावात वीज नव्हती. कापड यंत्रावर विणायचे म्हणजे गिरणी काढायची, अशीच सगळ्यांची समजूत होती. मुंबईत गिरण्यांना पन्नास वर्षे होत आली होती, सोलापुरात १८७७ पासून गिरणी होती. गिरणी म्हणजे भागभांडवल, चिमणी, भोंगा, हजारभर कामगार. आमच्या गावात यातले काय होते? होते ते हातमागावर बसणारे विणकर आणि एक जाणता जहागीरदार. नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी दातारांना पाठबळ दिले. एका शेडमध्ये मावेल, एका कुटुंबाला चालवता येईल आणि गाठीला पैसे साठतील तसा एकाचे दोन, दोनाचे चार करता येईल असा यांत्रिक माग या गावाने त्या दिवशी पाहिला.

सुरुवातीची वर्षे इथे लुगडी विणली गेली. मग धोतर, पॉपलिन, केंब्रिक आणि पुढे सूटिंगपर्यंत मजल गेली. आज शहरातले माग लाखाच्या घरात मोजतात. दत्ताजीराव कदमांनी विणकरांना सहकाराची वाट दाखवली. त्यांचे नाव असलेली संस्था आज राजवाड्यात वस्त्रोद्योगाचे आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण देते. जहागीरदारांच्या वाड्यात मागांचे इंजिनिअर घडतात, हे मला फार आवडते. इचलकरंजीला लोक महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. मला स्वतःला ती उपमा पटत नाही. मँचेस्टर मोठ्या गिरणीमालकांनी उभे केले. हे गाव चार-चार, आठ-आठ मागवाल्यांनी उभे केले आणि त्या ओळीत पहिले उभे राहिले विठ्ठलराव दातार. उद्या शाळेत जाणाऱ्या नातवाला त्यांचे नाव विचारून बघा. त्याला क्रिकेटपटूंचे पगार पाठ असतील, दातार ठाऊक नसतील. २०२२ साली शहराची महानगरपालिका झाली. आता तरी शहरातल्या एखाद्या ठसठशीत जागेला या माणसाचे नाव मिळावे, असे मी माइक हातात आहे तोवर बोलून घेतो.

याचा आजच्या परिषदेशी काय संबंध, असा प्रश्न मला अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. संबंध आहे, थोडा ओढून आणावा लागेल इतकेच. दातारांनी छोट्या माणसाला यंत्र दिले. हिशेब मात्र ज्याचा त्याने शिकायचा होता आणि तो शिकायचा राहिला. आमचा मागवाला आवाजावरून सांगेल की चौथ्या मागाचा धोटा नीट बसत नाही. पण परवा दिलेल्या तागांत मीटरमागे काय सुटले असे विचारा, तो म्हणतो, "दिवाणजीला विचारा." आणि दिवाणजी म्हणतो, "वर्षाअखेरीला कळंल."

बाहेरच्या पाहुण्यांसाठी एक हिशेब सांगतो. आमच्याकडे खर्चीवाला असतो. त्याचे माग स्वतःचे, सूत व्यापाऱ्याचे. व्यापारी सूत देतो, हा कापड विणून देतो आणि मजुरी पिकावर ठरते. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, ते पिक. समजा ५२ पिकाचे कापड आहे आणि पिकाला ७ पैसे ठरले. मीटरला झाले ३ रुपये ६४ पैसे. व्यापारी म्हणतो, मंदी आहे, साडेसहा करा. अर्ध्या पैशासाठी धरलेला व्यापारी कुठे सोडायचा, म्हणून आमचा माणूस मान डोलावतो. आता पाहा. अर्धा पैसा गुणिले ५२, म्हणजे मीटरला २६ पैसे. साधा माग दोन्ही पाळ्या मिळून ८० मीटर काढतो असे धरा. आठ मागांचे ६४० मीटर. दिवसाला १६६ रुपये ४० पैसे गेले. महिन्यात २५ दिवस माग चालले तर ४,१६० रुपये. हे सगळे नफ्यातून गेले, कारण वीजबिल, कामगाराचा पगार, माग दुरुस्त करणारा जॉबर आणि शेडचे भाडे यांतले काहीच त्या अर्ध्या पैशाबरोबर खाली आलेले नाही.

आणि मुळात नफा तरी कुठला? घरची बाई दिवसभर कांड्या भरते, तिची मजुरी कुठल्या वहीत लिहिलेली नसते. मालक स्वतः रात्रपाळीला उभा राहतो, त्याचा पगार नाही. माग झिजतो, त्याचा घसारा नाही. या तिन्ही रकमा खर्चात धरल्या तर पुष्कळ शेडमध्ये जे सुटते ते नफा नसून घरच्यांचीच मजुरी आहे, असे निघेल. व्याख्याते हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील, पण किराणा दुकानदार असो की गॅरेजवाला, हा हिशेब सगळ्यांना लागू आहे.

दुसरी गोष्ट उधारीची. मी सायझिंगवाला. सुताला खळ लावून त्याचे गुंडाळलेले बीम मागवाल्याकडे पाठवायचे आणि बिलाची वाट पाहायची, यात माझे आयुष्य गेले, म्हणून या विषयावर माझा आवाज थोडा चढेल. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. कायदा कागदावर होता, कुणी विचारत नव्हते. मग प्राप्तिकरात तरतूद आली की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येणार नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरायचा. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कापडाच्या पेठांत काय धांदल उडाली, ते इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. काही व्यापाऱ्यांनी चटकन पैसे दिले. काहींनी माल परत केला. काहींनी तर उत्पादकालाच सांगितले की सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे असलेली तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर व्यवहार बंद.

माझे मत स्पष्ट आहे. नोंदणी रद्द करू नका. तक्रार करायला छोटा माणूस धजावत नाही, हे मला कळते. तक्रार केली की उद्या बीम दुसऱ्याच्या शेडमध्ये जाते. पण तक्रार न करताही करण्यासारखे पुष्कळ आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा. माल पोचवला की चलनावर तारखेसह सही घ्या, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते आणि आमच्याकडे अर्धे भांडण त्या तारखेचेच असते. व्यापारी मित्रांनो, रागावू नका. आपल्यालाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. हा फरक दुपारच्या सत्रात नीट समजून घ्या.

कर्जाबद्दल एकच सांगतो. कॅश क्रेडिटमधून यंत्र घेऊ नका. ती मर्यादा सूत घ्यायला आणि उधारी पेलायला असते, दोन-तीन महिन्यांत पैसे फिरून यायला हवेत. मागाचे पैसे फिटायला वर्षे लागतात. मर्यादा मागात अडकली आणि सुताचा दर चढला की खात्यात उचलायला काही उरत नाही. यंत्रासाठी मुदत कर्ज मागा. तारण नाही म्हणून बँकेने वाटेला लावले, तर तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेचे काय, असे विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता आभार. देणगीदारांची यादी लांब आहे आणि बहुतेकांनी नाव घेऊ नका म्हणून बजावले आहे. ज्यांनी बजावले नाही त्यांचीही नावे घेत नाही, नाहीतर कोणाचे आधी आले यावरून पुढचे सहा महिने मला तोंड द्यावे लागेल. मंडपाचे कापड एका प्रोसेसवाल्यांनी दिले. मंडपाच्या एका कडेला डागी माल लागला आहे, तो त्यांचा दोष नाही, घाई आमची होती. आपल्या हातातल्या पिशव्या बचत गटाच्या भगिनींनी रात्री जागून शिवल्या आहेत आणि त्यांचे पूर्ण पैसे रोख दिलेले आहेत, हे या परिषदेत तरी सांगायला हवे. जेवणाचा खर्च सूत व्यापाऱ्यांनी उचलला. पिकाच्या दरावर मी आत्ता जे बोललो ते ऐकूनही ते पुढच्या वर्षी देतील अशी आशा आहे. पोळ्यांऐवजी भाकरी आहे, सोबत वांग्याची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी. जिलेबी कमी पडण्याचा संभव आहे. पंखे कमी आहेत. मागच्या दोन ओळींना आवाज पोचत नसेल तर हात वर करा. कुणी हात वर केलेला नाही, म्हणजे पोचत नसावा.

वाहने लावण्याची सोय शाळेच्या मैदानावर केली आहे. तिथल्या पोरांनी पैसे मागितले तर देऊ नका, ते आमचेच स्वयंसेवक आहेत.

आणि एक शेवटची विनंती. दाराजवळच्या टेबलावर कॉमर्सचे विद्यार्थी बसले आहेत. ज्यांची उद्यम नोंदणी अजून झालेली नाही, त्यांनी आधार आणि पॅन घेऊन जेवणाच्या सुट्टीत तिथे जावे. ही नोंदणी सरकारकडे फुकट होते. तिच्यासाठी आजपर्यंत कुणी पैसे मागत असेल तर इथून पुढे एक रुपयाही देऊ नका.